ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके मारते, गिअरबॉक्स खोलू द्यावा का?

प्रवासी_कात्रज

नमस्कार मंडळी. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक, तीन सिलिंडरची, एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी), २०१८चं मॉडेल, ६८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर धागा गाडीवरून कंपनीवर घसरेल.

गावात हळू चालवताना काही जाणवत नाही. पण ओव्हरटेक करायला किंवा कात्रजच्या चढावर पाय दाबला, की गाडी दोन-तीन हिसके देते, मग सावरते आणि पळते. पाय हलका ठेवला तर सगळा रस्ता सुरळीत. थंड इंजिनवर कमी, तापल्यावर जास्त. पावसाळा सुरू झाल्यापासून वाढलंय असं बायकोचं म्हणणं आहे. मला तसं काही वाटत नाही, पण गाडी जास्त तीच चालवते.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, 'कोड काही नाही' म्हणाले. मग सुपरवायझर एक चक्कर मारून आला आणि निदान सांगितलं: क्लच सेट बदला, ॲक्च्युएटर उतरवून बघावा लागेल. अंदाज ४६ हजार, शिवाय 'खोलल्यावर अजून काही निघालं तर ते वेगळं'. हे वाक्य ऐकून बसलेला झटका गाडीच्या झटक्यापेक्षा मोठा होता.

गाडीची आजची किंमत बघता एवढे पैसे घालायचे का? की आधी दुसरं काही तपासून घ्यावं?

चौथा_गिअर | झालं का समाधान?

घ्या अजून ऑटोमॅटिक! आमची पाच गिअरची गाडी सव्वा लाख पळाली, क्लच प्लेट एकदाच बदलली. डावा पाय देवाने दिलाय तो काय नुसता मॅटवर ठेवायला?

काकासाहेब_सातारा | कारण उघड आहे

इथेनॉल. दुसरं काही नाही. पूर्वी पेट्रोल पेट्रोल होतं तेव्हा गाड्या झटके मारत होत्या का? २० टक्के मिसळून ठेवलंय, गाडी नाचणार नाही तर काय.

अनामिका_के

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. आमचीही एएमटीच आहे म्हणून.

वंगणवाला | आधी एक गोष्ट ठरवा

प्रवासी, गिअरबॉक्सला अजून हात लावू देऊ नका. आमचं आयुष्य गॅरेजात गेलं, आता मुलगा बघतो. झटके मारणारी गाडी आली की पहिला प्रश्न एकच: झटका गिअर बदलताना येतो की गिअरात असताना? याचं उत्तर मिळेपर्यंत पाना उचलायचा नाही.

तुमच्या गाडीत वेगळा असा ऑटोमॅटिक बॉक्स नाहीच. साधा पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, एकच कोरडी क्लच प्लेट, आणि तुमच्या डाव्या हाता-पायाचं काम करणारा ॲक्च्युएटर. २०१४पासून आपल्याकडे स्वस्त गाड्यांत हा प्रकार रुळला तो यासाठीच, कारण जुन्याच बॉक्सवर बसतो. गिअर बदलताना क्लच सुटतो, इंजिनचा जोर क्षणभर तुटतो आणि परत लागतो. त्यात मान पुढे डुलते. नव्या कोऱ्या गाडीतही डुलते. ते दुखणं नाही, तिचा स्वभाव आहे. गिअर पडायच्या वेळी पाय किंचित उचलला की बरंच कमी होतं.

पण तुम्ही लिहिलंय 'दोन-तीन हिसके देते, मग सावरते'. गिअर बदलण्याचा हिसका एकदाच बसतो, लागोपाठ दोन-तीन बसत नाहीत. म्हणून मला शंका आहे.

असं करा. मोकळा रस्ता, मागे कोणी नाही असं बघून लिव्हर मॅन्युअलला घ्या, तिसरा गिअर टाका आणि चाळीसच्या आसपास स्थिर चाला. शेजारच्याला मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ घ्यायला सांगा, तुम्ही रस्त्यावरच बघायचं. आता पाय अर्ध्याहून जरा जास्त दाबा. तळाला टेकवू नका, काही गाड्यांत मॅन्युअलमध्येही मग गिअर आपोआप खाली येतो आणि परीक्षा फसते.

घरी येऊन व्हिडिओ बघा. गिअरचा आकडा ३ वरच राहिला आणि आरपीएमचा काटा झपकन वर जाऊन वेग मागे राहिला, वर जळका वास आला, तर क्लच घसरतोय, सर्व्हिस सेंटरचं बरोबर. काटा चढता चढता थरथरला आणि गाडी त्याच तालावर हिसके देत असेल, तर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे सिलिंडरात मधूनमधून पेट्रोल पेटत नाहीये, बॉक्सचा काही संबंध नाही. काटा गुळगुळीत चढला पण पाय दाबल्या क्षणी एक 'धप्' आणि सोडल्यावर दुसरा, तर इंजिनचं माउंटिंग (इंजिन जागेवर धरणारं रबर). आणि काटा सरळ असून गाडीच डावी-उजवीकडे थरथरते, पाय सोडला की लगेच शांत, तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट.

अजून एक. झटक्याच्या वेळी पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकतो का? पेटून राहतो का नाही, ते विचारत नाहीये. लुकलुकतो का?

घोडबंदरची_मुग्धा | दुहेरी क्लचवाली

वंगणवाला काका, मस्त समजावलंत. आमची गाडी डीसीटी आहे, कोरड्या दोन क्लचची. घोडबंदर रोडला संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्यात अशी काही थरथरते की शेजारी बसलेल्या सासूबाई देवाचं नाव घेतात. एकदा तर क्लच तापल्याची सूचनाच आली, बाजूला घेऊन थांबावं लागलं. हा वेगळा प्रकार ना?

वंगणवाला

मुग्धाताई, वेगळाच. तिथे एक क्लच एकी गिअर सांभाळतो, दुसरा बेकी. त्यामुळे जोर तुटत नाही आणि एरवी गाडी लोण्यासारखी पळते. पण इंचाइंचाने सरकताना पहिल्या गिअरचा क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो, तापतो. कोरड्या क्लचला थंड करायला तेल नसतं. ट्रॅफिकमध्ये पुढच्याच्या मागे बोट-बोट सरकू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून नीट चालवा आणि पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. वॉरंटी असेल तर क्लचचं ॲडाप्टेशन (क्लच कुठे पकडतो ते गाडीच्या कंट्रोलरला नव्याने शिकवणं) करून मागा, आणि बॉक्सचं सॉफ्टवेअर नवं आलंय का तेही विचारा. ही तक्रार दर वेळी जॉब कार्डवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

एडिसनकर | टॉर्क कन्व्हर्टरचा अनुभव

इकडे न्यू जर्सीत माझ्या जुन्या सेदानला टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनचा जोर तेलातून पुढे देणारा) सहा गिअरचा बॉक्स आहे. ताशी ४० ते ५० मैलांना, म्हणजे तुमच्या ६५ ते ८० किलोमीटरला, पाय हलकाच दाबला की गाडी टोल नाक्याआधीच्या रंबलर पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरायची. जोरात दाबला तर नाही! प्रवासींच्या बरोबर उलट. मलाही बॉक्स उतरवायला सांगितला होता.

निघालं काय, तर कन्व्हर्टरच्या आत एक लॉकअप क्लच असतो, तो स्थिर वेगाला लागतो. तेल जुनं झालं की तो नीट पकडत नाही, सुटत-लागत राहतो. ओळखायची सोपी खूण: थरथर चालू असताना डाव्या पायाने ब्रेक अगदी नावाला टेकवा, मागचा दिवा लागेल एवढाच. त्याने लॉकअप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर चोर तोच. (रिकाम्या रस्त्यावरच करा, डाव्या पायाला ब्रेकचा अंदाज नसतो.)

मी तेल काढून नवं भरलं, थोडं चालवून परत एकदा काढून भरलं, कारण एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. थरथर गेली. 'लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही' हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं वाक्य मी आता गांभीर्याने घेत नाही.

चौथा_गिअर

इकडे एक दुकानदार 'गिअरबॉक्स फ्लश' म्हणून मशिन लावून सगळं तेल दाबाने बदलतो. ते चांगलं का नुसतं काढून भरणं?

वंगणवाला | फ्लशबद्दल

तुमच्या मॅन्युअलला त्याची गरज नाही, ड्रेन नट खोला, तेल काढा, भरा. ऑटोमॅटिकमध्ये मी दाबाच्या मशिनच्या बाजूने नाही, विशेषतः लाखभर पळालेल्या आणि कधीच तेल न बदललेल्या बॉक्सला. तळाचा कचरा ढवळून व्हॉल्व्ह बॉडीत (तेल वाटणाऱ्या बारीक नळ्यांच्या भागात) जातो आणि बरा चाललेला बॉक्स आजारी पडतो. एडिसनकरांनी केलं तसंच करावं.

आणि तेल त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं. सीव्हीटीमध्ये (गिअरऐवजी पट्टा-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल, भरलेली गाडी आमच्याकडे आली होती. सीव्हीटीत पट्टा आणि पुली यांची पकड तेलावरच असते. दुकानदार 'सगळ्यात चालतं' म्हणाला म्हणून भरलं होतं. पुढचं बिल सांगत नाही, संध्याकाळ खराब होईल. लेव्हलही ठरलेल्या तापमानालाच बघायची, बऱ्याच नव्या बॉक्सांना डिपस्टिक नसते.

सासष्टीकार | बॅटरी बघितली का?

गोव्यातून. आमच्याकडे खाऱ्या हवेने सगळ्या अर्थिंगना हिरवा गंज चढतो. माझी एएमटी मध्येच न्यूट्रलला पडायची, गिअर बदलताना अडखळायची. मडगावच्या मेकॅनिकने बॉक्सकडे बघितलंही नाही, आधी मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी १२ व्होल्टच्या खाली, स्टार्टर मारला की ९ च्याही खाली. चांगली बॅटरी बंद गाडीत साडेबाराच्या वर हवी, चालू गाडीत चौदाच्या आसपास. ॲक्च्युएटरचा पंप विजेवरच चालतो, त्याला पुरेशी वीज नाही तर तो काय गिअर टाकणार? बॅटरी बदलली, बॉक्सकडे जाणारी अर्थची पट्टी घासून साफ केली, सरळ झाली. आधी फुकटातली तपासणी करा हो.

काकासाहेब_सातारा

इथेनॉलबद्दल कोणी बोलत नाही हे लक्षात येतंय.

प्रवासी_कात्रज | परीक्षा झाली

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे कात्रजच्या बोगद्यापलीकडे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा केली. मुलाने व्हिडिओ घेतला. तिसरा गिअर तिसराच राहिला, झटके आले, आणि काटा २००० च्या पुढे चढताना स्पष्ट थरथरतोय, तीन-चार वेळा खाली टेकल्यासारखा होतो. वास नाही. क्लच घसरल्यासारखं काहीच नाही.

आणि दिवा लुकलुकतो! व्हिडिओत दिसला, एरवी माझं लक्षच जात नव्हतं. झटके संपले की विझतो. बायको म्हणाली, 'मला वाटलं तो तसाच असतो.'

सासष्टीकार, बॅटरी मागच्या वर्षीच बदललीय, चालू गाडीत १४.१ आहे.

वंगणवाला | मग बॉक्स सोडा

आता चित्र स्पष्ट आहे. लुकलुकता दिवा म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल पेटतच नाहीये, आणि ते न जळता थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतंय. दिवा लुकलुकत असताना जोर लावून चालवू नका. कन्व्हर्टर वितळला तर त्या ४६ हजारांच्या जवळचं बिल वेगळ्याच कारणाने येईल.

तीन सिलिंडरच्या गाडीत एक मेला की एक तृतीयांश जोर जातो. म्हणून तुम्हाला ते बॉक्सच्या झटक्यासारखं वाटतंय, आणि सुपरवायझरलाही वाटलं असणार. चार सिलिंडरला इतकं कळत नाही.

पाय दाबल्यावरच का होतं, ते सांगतो. जोर लावला की सिलिंडरात हवा-पेट्रोल जास्त भरतं आणि दाब वाढतो. दाब जितका जास्त, तितकी प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. प्लगला वीज देणारी कॉइल कमजोर असेल किंवा कॉइलच्या रबरी बूटला चीर गेली असेल, तर हलक्या पायाला ठिणगी उडते, जोर लावला की ती गॅप सोडून बाजूने पळते. एएमटी त्यात भर घालते, कारण मायलेजसाठी ती गिअर लवकर वर नेते आणि इंजिन कमी आरपीएमला कुंथत राहतं. तापल्यावर वाढतं, कारण कॉइलच्या आतलं इन्सुलेशन गरम झालं की आणखी कच खातं. आणि ओलाव्यात चीर गेलेल्या बूटमधून ठिणगी जास्त गळते. वहिनींचं ऐकत जा.

प्रवासी_कात्रज

हा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवण्यात आला आहे.

मीटरवाला | कोड का नाही दिसला

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, गाड्यांचा फक्त छंद. 'कोड नाही' याचा अर्थ 'काही झालं नाही' असा नसतो. मिसफायर, म्हणजे आपलं मिसिंग, सहसा दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय पक्का कोड म्हणून नोंदला जात नाही. पहिल्या वेळी तो पेंडिंग राहतो. घाईत असलेला माणूस पक्क्या कोडचा कप्पा बघतो आणि बंद करतो. पेंडिंगचा कप्पा वेगळा असतो.

हजारभर रुपयांत ब्लूटूथचा ओबीडी ॲडॅप्टर (गाडीचे कोड वाचणारं छोटं यंत्र) मिळतो, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट आहे, मोबाइलवर ॲप. फार अपेक्षा ठेवू नका, तो फक्त इंजिन वाचेल. एएमटीचं कंट्रोलर वाचायला बहुधा कंपनीचाच स्कॅनर लागतो. पण आपल्याला आत्ता इंजिनच हवंय. पी०३०० असेल तर एकच ठराविक नाही, कुठलाही किंवा अनेक सिलिंडर, पी०३०१, ०३०२, ०३०३ म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. घाटावरून आल्यावर लगेच लावा. त्याआधी कोणी बॅटरीची वायर काढली तर सगळं पुसलं जातं, तेवढं सांभाळा.

काकासाहेब_सातारा

पेट्रोल पेटत नाहीये असं वंगणवाल्यांनी स्वतः लिहिलंय! मी काय म्हणत होतो?

वंगणवाला | काकासाहेबांना

काकासाहेब, तुमचा राग निराधार आहे असं मी म्हणत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, तेव्हा मायलेज थोडं घटणारच. ते पाणी ओढतं, पावसाळ्यात पंपाच्या टाकीत पाणी शिरलं तर खाली वेगळा थर बसतो आणि तसलं पेट्रोल भरलेली गाडी नक्की मिसिंग मारते. २०१८च्या गाडीचे रबर-सील २० टक्क्यांसाठी बनवलेले नाहीत हेही खरं.

पण पेट्रोल तिन्ही सिलिंडरांना एकाच नळीतून जातं. ते खराब असतं तर तिन्ही मारले असते, हलक्या पायालाही मारले असते. मीटरवाल्यांच्या यंत्रावर एकाच सिलिंडरचा आकडा आला तर इथेनॉल या खटल्यातून निर्दोष. सगळ्यांचा आला तर मी तुमच्या बाजूने.

प्रवासी_कात्रज | पी०३०३

तिसरा सिलिंडर. पेंडिंगमध्येच होता. बाकी दोघांचं नाव नाही.

चौथा_गिअर

काकासाहेब, चहा तुमच्याकडून.

वंगणवाला | अदलाबदल करा, खरेदी नको

लगेच कॉइल विकत आणू नका. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, चारांपैकी कोणीही असू शकतं. फुकटात कळतं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढा. प्रत्येक प्लगवर एक कॉइल उभी बसवलेली दिसेल, बहुधा १० च्या बोल्टने. कनेक्टरची क्लिप आधी दाबा, मग ओढा. नुसता ओढलात तर क्लिप तुटते आणि मग कनेक्टर हलून नवीनच मिसिंग सुरू होतं. पहिल्याची कॉइल तिसऱ्याला, तिसऱ्याची पहिल्याला. बाकी काही बदलायचं नाही. कोड पुसा, त्याच चढावर न्या. पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइलच खराब. पी०३०३ च राहिला तर कॉइल चांगली, मग प्लगची अदलाबदल. प्लगनेही हलला नाही तर इंजेक्टर, नंतर कॉम्प्रेशन, आणि तेव्हा मात्र गॅरेजात जा.

कॉइल काढली की दोन गोष्टी टॉर्च मारून बघा. प्लगच्या विहिरीत तेल आहे का? टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत असेल तर तिथे तेल साठतं, त्याने बूट मऊ पडतो आणि फाटतो. नुसती कॉइल बदललीत तर सहा महिन्यांत परत हेच. आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली केसासारखी काळी रेघ आहे का? असेल तर ठिणगी तिथून पळत होती. त्या प्लगला कितीही साफ केलं तरी ठिणगी तीच वाट धरते, बदलायचाच.

प्रवासी_कात्रज | सापडलं

पी०३०१. दोष कॉइलबरोबर गेला.

आणि काका, तिसऱ्या विहिरीत तेल होतं. भरपूर नाही, पण कॉइलचा बूट बाहेर आला तो खालच्या टोकाला काळपट, चिकट आणि बोटाने दाबला की चीर उघडत होती. प्लगवर तुम्ही म्हणालात तशी रेघ आहे, एक नाही, दोन. प्लग मूळचेच आहेत, साध्या निकेलचे, म्हणजे ६८ हजारांपर्यंत कधी कोणी बदललेच नाहीत. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर 'प्लग चेक्ड' लिहिलंय.

नाना पेठेत कॉइल निम्म्या किमतीत मिळत होती, खोक्यावर सगळं बरोबर छापलेलं, पण कनेक्टरच्या आतल्या पिना वाकड्या. घेतली नाही. कंपनीच्या काउंटरवरून एक कॉइल, तीन प्लग आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग घेतलं. ओळखीच्या गॅरेजवाल्याने बसवून दिलं, विहिरीतलं तेलही पुसून घेतलं. मजुरीसकट सहा हजारांच्या आत.

चढावर दोनदा तापवून बघितलं. मिसिंग गेलं, दिवा नाही, काटा सरळ. पण पूर्ण सुखी नाही. दुसऱ्या गिअरात पाय दाबला की एकच 'धप्', सोडला की परत एक. आधी हे असेलही, मोठ्या हिसक्यांत दबून गेलं असणार.

वंगणवाला | माउंटिंग

इतके महिने मिसिंग मारत होती, इंजिन दर वेळी मागे-पुढे आपटलं असणार. खालचा टॉर्क रॉड बघा. इंजिन-बॉक्स आणि सबफ्रेम यांना जोडणारा छोटा दांडा असतो, दोन्ही टोकांना रबरी बुश. इंजिनला पुढे-मागे झुलू न देणं एवढंच त्याचं काम.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत बॉनेट उघडून, ब्रेक दाबून डी आणि आर टाकून इंजिन किती झुलतं ते बघतात. एएमटीत ती युक्ती चालत नाही, ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेलाच असतो, इंजिनवर भार येत नाही. गाडी लिफ्टवर घ्या, बुशमध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकं रेटा. रबर धातूपासून सुटलेलं असेल तर डोळ्यांनी दिसेल.

सासष्टीकार

ड्राइव्ह शाफ्टही त्याच वेळी हलवून बघा, गाडी वरच आहे तर. बाहेरच्या बूटमधून ग्रीस उडून चाकाच्या आत काळं झालंय का तेवढं.

प्रवासी_कात्रज | आज गाडी घेऊन आलो

टॉर्क रॉडच. मागच्या बुशचं रबर अर्ध्या गोलाईत फाटून सुटलं होतं, टॉमी लावल्यावर बोटभर फट पडत होती. शाफ्ट ठीक, बूट ठीक. रॉड बदलला, धप् बंद.

त्यानंतर गॅरेजवाल्याच्या ओळखीने एका माणसाकडे गेलो, त्याच्याकडे एएमटी वाचणारा स्कॅनर आहे. क्लचचा टच पॉइंट (क्लच पकडायला लागतो ती जागा) मर्यादेत, ॲक्च्युएटरच्या तेलाची लेव्हल बरोबर, गळती नाही. त्याने क्लच लर्निंग (ॲडाप्टेशनच ते) करून दिलं. पहिल्याचा दुसरा होताना मान डुलते ती अजून डुलतेच.

सर्व्हिस सेंटरमधून 'क्लचचं काय ठरलं सर' म्हणून फोन येतोय.

अनामिका_के | एक शंका

वाखूसा (वाचनखूण साठवली). वंगणवाला काका, चढावर सिग्नलला मी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवते, मागे जाऊ नये म्हणून. चालतं का?

वंगणवाला

ताई, मुळीच नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत थोडा वेळ खपून जातं, तिथे मध्ये तेल आहे. एएमटीत तुम्ही क्लच प्लेट जाळताय. ब्रेक दाबून उभ्या राहा, हिल होल्ड असेल तर तो दोन-तीन सेकंद धरतो, नसेल तर हँडब्रेक. प्रवासींची क्लच प्लेट वाचली, तुमची मात्र तशीच बदलावी लागेल.

पिंपळगावकर | सीएनजीवर झटके

उशिरा आलो. माझी मॅन्युअल व्हॅन आहे, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. कसारा घाट चढताना गॅसवर अशीच दोन-तीन हिसके मारते, पेट्रोलवर टाकली की नीट चढते. किटवाला म्हणतो रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा) बदला.

वंगणवाला

पिंपळगावकर, रेग्युलेटरला नंतर हात लावा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो, पेट्रोलवर अजून काही महिने दडून राहतो. प्लग काढून गॅप बघा. पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा वाढला असेल तर सगळे प्लग बदला. नंतर कॉइल वर लिहिलं तशी अदलाबदल करून बघा, गाडीला वेगळ्या कॉइल असतील तर. आणि पेट्रोलवर नीट चढते म्हणालात, ती रिकामी चढते की भरलेली? भरलेल्या गाडीने, तिसऱ्यात, पेट्रोलवर एकदा घाट चढवा. तिथेही मारली तर किटवाल्याकडे जायचं कारणच नाही. मारली नाही आणि प्लग-कॉइलही चांगल्या निघाल्या, तर आधी गॅसचा फिल्टर, मग ट्यूनिंग, आणि शेवटी रेग्युलेटर.

पिंपळगावकर

भरलेली कधी बघितलीच नाही. शनिवारी कांदा पोहोचवून परतताना माल भरून येतोय, तेव्हा पेट्रोलवर चढवतो आणि इथे लिहितो.